पेन्सिलीनं उतरवलेला नंबर

रविवारी सकाळी सव्वादहाला महू रस्त्यावर पोलिसांनी वाल्मिककाकांची मोटारसायकल अडवली. पावणेअकराला ती जप्त झाली.

गाडी मूळची आजोबांची, फौजेतून निवृत्त झाल्यावर घेतलेली. दर बुद्धपौर्णिमेला ते तिच्यावरूनच महूला जात. आता काकांच्या मागे बसून. यंदा सुटीत काकांनी सुदामा नगरच्या अंगणात तिचं रूप पालटलं. वाफेच्या इंजिनाच्या जमान्यातली वाटावी अशी, स्टीमपंक! जुना तांब्याचा बंब कापून त्याचे पत्रे टाकीवर आणि हँडलखालच्या नळीवर चढवले. पुतणी नंदिनी, तिचा धाकटा भाऊ प्रशिक आणि शेजारची तन्वी मदतीला होती.

पोलिसांनी नळीवरचा पत्रा उचलला. खाली चेसिस नंबरच नव्हता. नंबर घासलेला, म्हणजे गाडी चोरीची!

"मी हात पण नाही लावला भिया!" काका घरी येऊन म्हणाले. "आधीच कोणी तरी मिटवला असेल."

"मग लोखंड काय उंदरानं खाल्लं?" प्रशिकनं विचारलं.

"चूप रे!" काका ओरडले.

तन्वीनं रोज मोबाइलवर फोटो काढले होते. "हे बघ! मंगळवारी गंजाखाली अर्धा नंबर दिसतोय. बुधवारी नंबर गायब, एकदम चकाचक!"

"आणि बुधवारी ग्राइंडर कोणाच्या हातात?" नंदिनीनं फोटो मोठा केला. "काका, ही अंगठी तुमची!"

काका पायरीवर बसले. "पत्रा बसत नव्हता. वाटलं, गंजच आहे."

आजोबांनी ट्रंक उघडली. विम्याच्या जुन्या कागदाला एक चिठ्ठी डकवलेली होती. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासलेली. सतरा वर्षांपूर्वीची, पण अक्षर अन् अक्षर स्पष्ट!

सोमवारी ठाण्यात साहेबांनी चिठ्ठी, फोटो आणि गाडीचं पुस्तक ताडून पाहिलं. "शाबाश बच्चों! चोरी का शक गया."

"मग गाडी द्या ना!" प्रशिक म्हणाला.

"कागज पर है बेटा, गाडी पर नहीं. लॅबवाले तेजाब, यानी ॲसिड लगाकर देखेंगे, घिसा नंबर उभरता है क्या. तीन महीने."

"आणि उमटलाच नाही तर?"

साहेबांनी फाइल मिटली.

घरी आजोबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "फौजेत असता तर बढती दिली असती."

बुधवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत गाडी ठाण्याच्या आवारातच होती. बुद्धपौर्णिमा शुक्रवारी आहे. आजोबांनी हेल्मेट पुसून दाराशी ठेवलं आहे.