द्रौपदामावशींचं विरजण

सावरपुरात वर्षभर कुणी पेढे वाटले नव्हते. बारशाला खारे दाणे, लग्नात लाडवांऐवजी शेव. गोड कुणाच्या तोंडालाच लागत नव्हतं. सगळ्यांची साखर उतरली, तसे जिल्ह्याहून लोक गाव बघायला येऊ लागले. गावकरी म्हणत, नव्या विहिरीच्या पाण्याचा गुण. डॉ. निशिगंधा रेगे हसून मान डोलवत. लोक काय खातात आणि त्यापायी कसे आजारी पडतात, हाच त्यांचा विद्यापीठातला अभ्यास.

द्रौपदामावशींचा या बाईंवर भारी जीव. मावशींचा नवरा साखरेनंच पाय कापून गेला होता, आणि त्याच्या आठवणीत त्यांच्यासोबत रडणारी हीच एक शिकलेली बाई.

आज बाई आल्या त्या मावशींच्या नातवासाठी. तीन दिवसांचं बाळ छातीला लावलं की तोंड फिरवायचं. गावातलं या महिन्यातलं असं हे तिसरं. बाईंनी बाळाच्या जिभेवरून कापूस फिरवला, हातातल्या यंत्रात तपासला आणि मावशींकडे वळल्या.

"मावशी, दोन वर्षांपूर्वी मी वाटीभर दही दिलं होतं, आठवतं?"

"तर! घट्ट लागतंय म्हनला होता."

"गुडमारीचा पाला चघळला की साखर मातीसारखी लागते ना? तोच गुण मी दह्याच्या जिवाणूत घातला होता. मधुरोधी म्हणतो आम्ही त्याला. तो जिभेवर बिऱ्हाड करतो, मग गोड कळतच नाही. मुरायला वर्ष लागतं."

"आनि लेकराचं काय?"

"आईचे जिवाणू जन्मताना बाळाला मिळतात. बाळ दूध ओढतं ते गोडीनं. याला ती लागतच नाही. नळीनं पाजावं लागेल. किती दिवस, मलाही माहीत नाही. मी मोठ्यांवरच तपासलं होतं."

"मला सांगून का न्हाई दिलं?"

"सांगितलं असतं, तर कुणी खाल्लं नसतं."

"मग माझ्याच दारात का आला?"

बाईंची मान खाली गेली. "आधी घरोघर विचारलं होतं, विरजण कुणाकडून आणता? एकशे बारा घरांनी तुमचं नाव घेतलं."

विरजण मागणाऱ्याला रिकामं धाडू नये, ही सासूची शिकवण मावशींनी चाळीस वर्षं पाळली होती. बाईंनी नेमकी तीच हेरली. लेक समजून जिला जेवू घातलं, तिने केसाने गळा कापला होता.

"मावशी, हायसा का?" दारात शेजारची सुगंधा, सात महिन्यांची पोटुशी, हातात वाटी. "बाळंतपनाला म्हायेरी निघाले. आईनं तुमचं विरजण मागितलंय."

मावशींनी गाडग्यावर हात ठेवला. "मी न्हाई द्यायची."

सुगंधाचं तोंड एवढंसं झालं. मावशींच्या तोंडून नाही कुणी ऐकलंच नव्हतं. तिने वाटी पदराआड घेतली.

"असू दे, मावशी. घरच्या गाडग्यात तुमचंच हाय. त्यातलंच नेते."