तुळईखालचं लेकरू

ही गोष्ट मी रचलेली नाही. वरद माझा सख्खा मावसभाऊ, आणि त्याने मला हे स्वतः सांगितलंय. पुन्हा पुन्हा विचारलं, पण त्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार. आणि वेळ रात्रीची नाही... टळटळीत दुपारची.

भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी रविवारी दुपारी ट्यूशन एरियात एक चक्कर मारून यावी. सकाळची टेस्ट देऊन पोरं खोल्यांत आडवी झालेली असतात. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

वरद नांदेडहून लातूरला मेडिकलच्या तयारीला आलेला. रिपीटर, म्हणजे दुसऱ्यांदा परीक्षा देणारा. पण त्याचा जीव बायोलॉजीत नव्हता, पुण्याहून मागवलेल्या एका जाडजूड पुस्तकात होता. त्यात एका खेळाची अख्खी मोहीम छापलेली. गावं, नकाशे, राक्षस, संकटं. एकाने गेम मास्टर व्हायचं, ते जग बाकीच्यांना सांगायचं आणि विचारायचं, "आता काय करता?" खेळाडू म्हणणार, "मी दार उघडतो." जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. वीस पडला तर फत्ते, एक पडला तर सगळं फसलं.

वरद त्या पुस्तकाने झपाटला होता. तेव्हा आम्ही हा शब्द थट्टेत वापरायचो. तो राक्षसांचे आवाज काढायचा, दाराची करकर तोंडाने करायचा. मावशी कपाळावर हात मारून म्हणायची, "एवढं फिजिक्स पाठ केलं असतंस, तर एव्हाना सुटला असतास!"

खेळ चालायचा रत्नम्मांच्या खानावळीत. दुपारची जेवणं उरकली की तिथलं लांब टेबल रिकामं. खेळाडू दोघंच. वरदच्या बॅचची मुग्धा आणि किनवटचा बालाजी. रत्नम्मा निलंग्याकडच्या, पन्नाशीच्या, एकट्या. सगळी पोरं त्यांना अम्मा म्हणायची. भांडी घासता घासता त्या ऐकायच्या आणि हसायच्या.

"काय येडेपणा लावलाय रे पोरंहो!"

मग तो रविवार आला.

पुस्तकात एक गाडलं गेलेलं गाव होतं. परदेशी. दोघांना ते जवळचं वाटावं म्हणून वरदने ते आपल्याकडचं करून टाकलं. दगडमातीच्या रुंद भिंती. वर मातीचं जड माळवद. ते पेलणारी सागवानी तुळई, आता खाली आलेली...

आणि तुळईखाली एक लहान मुलगी.

किल्लारीचा भूकंप वरदच्या जन्माआधीचा. मोरीपाशी बसलेली बाई कुठून आली आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

"आता काय करता?"

"तुळई उचलतो," बालाजी म्हणाला.

"उचलता येईल. पण एकाने ती धरून ठेवायची, दुसऱ्याने मुलीला ओढायचं. आणि जो धरेल, तो आतच राहील. पुस्तकात तशी अट आहे."

"मग नको बाबा. दगड उपसतो."

फासा पडला. एक.

मुग्धाने टाकला. एक.

"उशीर झाला," वरदने पुस्तकात होतं तसं सांगितलं. "आतला आवाज थांबला. तुम्ही पुढच्या गावाला निघता."

आणि तेव्हाच...

टक्.

फरशीखालून.

टक्... टक्...

"बाल्या, पाय आपटू नको."

बालाजी बाकड्यावर मांडी घालून बसला होता.

मोरीतला पाण्याचा आवाज बंद झाला होता. अम्मा राखेचे हात तसेच धरून फरशीकडे बघत होत्या.

"लेकरू हाय की अजून आत," त्या म्हणाल्या.

"अम्मा, खेळ आहे हो."

"असं सोडून जात असतेत का रे?"

पुढच्या रविवारी त्यांनी मोहीम पुढे नेली. न्यायचा प्रयत्न केला म्हणा. पण फासा कुणीही, कसाही टाकला तरी... एक. फासा बदलला. एक. आणि प्रत्येक वेळी खालून उत्तर दिल्यासारखं... टक्.

मग उघड्या पुस्तकावर काहीतरी भुरभुरलं.

पांढरी माती.

वर सिमेंटचा स्लॅब होता. दिवाळीतच रंगवलेला.

मुग्धाने बॅग आवरायला घेतली.  तेवढ्यात अम्मा पदराला हात पुसत आल्या आणि टेबलाशी बसल्या.

"माझी लेक हुती, नागू," त्या म्हणाल्या. "भूकंपात तुळईखाली अडकली. उजाडेपर्यंत ठोकत हुती आतून. मला एकटीला तुळई हालंना. गावात जो तो आपलंच उकरत हुता. कुणाला बोलवू? मग... ठोकणं थांबलं."

अम्मांनी फाशावर बोट ठेवलं.

"मला बी खेळायचंय. मागं जाता येतं का रे, वरद?"

पुस्तकात तसं नव्हतं. आजवर वरदने पुस्तकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्याने पुस्तक मिटलं.

"येतं, अम्मा. पण जो तुळई धरेल तो..."

"ठावं हाय. इचार मला."



"आता काय करता, अम्मा?"

"मी तुळई धरते."

त्यांनी दोन्ही हात डोक्यावर उचलले. वजन पेलल्यासारखे. बालाजीने मुलीला ओढायचं ठरलं.

बालाजीने टाकलेला फासा टेबलभर गडगडला.

वीस.

"हलली!" वरद ओरडलाच. "मुलगी सरपटत बाहेर आली. उजेडात आली."

"नागू म्हण."

"नागू बाहेर आली, अम्मा."

टक्टक् थांबली. मुग्धा रडता रडता हसली. बालाजीने टाळी वाजवली.

अम्मांचे हात वरच होते.

"अम्मा, झालं. सोडा आता."

हात खाली आले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. पण ज्या बायकांनी अम्मांना शेवटची आंघोळ घातली, त्या सांगत होत्या, कितीही पाणी ओतलं तरी केसांतून पांढरी मातीच येत होती.

वरद पुढे डॉक्टर झाला. आता अर्धापूरकडे सरकारी दवाखान्यात असतो. पुस्तक त्याने पुन्हा उघडलं नाही. पण रविवारी ओपीडी बंद असते, दुपारी कॉरिडॉर ओस पडतो... आणि पाठीमागून एक बारीक आवाज येतो.

"दादा, मी आता काय करू?"

त्याने तिला बाहेर काढलं होतं. पुढे कुठे जायचं ते सांगायचं राहूनच गेलं.

"घरी जा म्हण की तिला," मी म्हणालो.

"म्हणालो. तर विचारते, अम्मा कुठं हाय?"

  अम्मा कुठे आहेत, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

परवा त्याचा फोन आला. कितीतरी वर्षांनी त्याच्या आवाजात तोच जुना उत्साह.

"रविवारी दुपारी येतोस का? पुस्तक काढलंय. अम्मांना बाहेर काढू."

"आपण दोघंच?"

"दोघं कसे? मी सांगणार. ओढायला नागू आहे..."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"तुळई धरायला एक माणूस कमी पडतोय."

मी अजून हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. लहानपणापासून त्याने मागितलं ते मी कधी नाकारलेलं नाही.

आज शनिवार आहे.