तिसरा दगड

अस्थिवाचकाची काठी पणजोबांच्या थडग्यावरच्या दगडाशी रोवली आणि हिरवा दिवा लागला. आजोबांच्या दगडाशीही लागला. जैनी पुंगाटी पुढे सरकली. तिसरा दगड तिच्या वडिलांचा, गेल्या पावसाळ्यानंतर उभा केलेला.

दिवा लागला नाही.

"पुन्हा लावा, साहेब."

सर्वेक्षक टेंभुर्णेंनी चारही बाजूंनी काठी रोवून पाहिली. पुरलेल्या माणसाच्या हाडांतले अंश मातीत मुरतात. त्यांतून हे यंत्र वंशाचा ठसा वाचायचं. नव्या भूवापर कायद्याने राज्यातल्या जमिनीचे तीन भाग केले होते: विकास, संवर्धन आणि मूळ रहिवासी. तिसऱ्या भागात राहायचं, तर घरातल्या सलग तीन पिढ्या त्या मातीत सापडायला हव्यात. नाहीतर डोंगराकडची बाजू खाणीला, नदीकडची अभयारण्याला. माणसाला दोन्हीकडे जागा नव्हती.

"वडलांना इथंच पुरलंय ना, ताई?"

"राख पुरली आहे. नागपूरच्या दवाखान्यात वारले. पुराने रस्ता बंद, शववाहिनीवाले यायला तयार नव्हते. तिथंच दहन केलं."

"राखेत ठसा उरत नाही."

म्हाताऱ्याला नागपूरला नेऊ नकोस, असं सगळं गाव सांगत होतं. तिनेच हट्ट धरला होता. दहनाच्या कागदावर सहीही तिचीच होती.

मोहाची फुलं वेचत बसलेली आई टोपली घेऊन जवळ आली. "तुमच्या काठीला जिवंत माणूस दिसत नाही वाटतं? पन्नास वर्षं इथंच आहे मी."

टेंभुर्णे ओशाळून हसले. "मावशी, जिवंत माणूस कुठूनही येऊन राहतो. कायदा मेलेल्यांनाच मानतो."

"मग नवऱ्याच्या जागी बायको चालते?"

त्यांनी हातातल्या पडद्यावर नियम शोधला. "चालते की. मुलीशी ठसा जुळला म्हणजे झालं. फक्त पुरलेली..." ते मध्येच थांबले आणि काठी पुसू लागले.

"आई, घरी चल," जैनी म्हणाली.

आईने पदराची गाठ सोडली. आत तिच्या रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती, जैनीनेच नागपूरहून आणलेली. ती पट्टी तिने तिसऱ्या दगडावर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर मूठभर फुलं ठेवली.

"साहेब," आईने विचारलं, "फेरतपासणीला कधी येणार?"