टेकडीवर कधीच न आलेला ट्रॅक्टर

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मामाने ती मला एकदाच सांगितली. गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून, पाना पुसत पुसत. सांगताना त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं म्हणतात.

ही रात्रीची नाही.

गुरुवार होता. दुपारचे सव्वातीन. लख्ख ऊन, आणि आईबाबांच्या टेकडीवरच्या घराचा व्हरांडा.

मामा ट्रॅक्टरचा मेकॅनिक. तीस वर्षं हेच काम. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आजार सांगायचा. म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. बाबाही त्याला डॉक्टरच म्हणायचे.

बाबा ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही चढउताराची जमीन घेतली, दोन खोल्यांचं घर बांधलं आणि फळझाडं लावायचं मनावर घेतलं. गवत मात्र कमरेपर्यंत वाढायचं. खत वर न्यायचं तर पाठीवरून. तेव्हा छोटा ट्रॅक्टर हवाच, असं ठरलं.

आता ग्रंथपाल माणूस ट्रॅक्टर कसा निवडणार? माहितीपत्रकं गोळा करून. त्यांनी ती वीसेक जमवली, अक्षरानुक्रमे लावली आणि मग मामाला बोलावलं.

त्या गुरुवारी मामाने अख्खी टेकडी पायाखाली घातली. लांब पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून जागोजागी उतार मोजला. खालचा भाग ठीक होता. पण अगदी वर, एकट्या झाडाच्या खाली, जमीन एका अंगाला कलत होती आणि माती भुसभुशीत होती.

"भाऊजी, इथे आडवं चालवायचं नाही," मामा म्हणाला. "सरळ वर, सरळ खाली. नाहीतर यंत्र कुशीवर झोपेल, आणि तुम्ही त्याच्या खाली."

बाबांनी ते वहीत लिहून घेतलं.

दोघं खाली आले. आईने चहा दिला. बाबा आपल्या मनातल्या ट्रॅक्टरचं पत्रक काढून बसले. तीन सिलिंडरचा, मागे गवत कापायचं कटर जोडलेला.

आणि मामाला आवाज आला...

ट्रॅक्टरचा.

घराच्या मागून निघून तो टेकडी चढत होता. तीन सिलिंडर. इंजिनचा पट्टा किंचित कुरकुरणारा. मागे फिरणाऱ्या पात्यांची घरघर.

मामा सवयीने ऐकत राहिला. इंजिन चढावर जड झालं. वर गेलं. वळलं.

मग एकदम मोकळं झालं.

चाकं जमिनीवरून सुटली की इंजिन असं मोकळं होतं. मामाने हा आवाज आयुष्यात दोनदा ऐकला होता. दोन्ही वेळा पुढे माणसं धावली होती.

मग... बंद.

पाखरूसुद्धा ओरडेना.

मामा उठून उभा राहिला. वर कुणाचा ट्रॅक्टर चाललाय, असं त्याने विचारलं. आईबाबांनी एकमेकांकडे पाहिलं. वर रस्ता नव्हता. आसपास कुणाकडे ट्रॅक्टर नव्हता. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं.

"तुझे कान आता सर्व्हिसिंगला टाक," आई म्हणाली.

मामाही हसला. वाऱ्याने लांबचा आवाज आणला असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

शनिवारी तो बाबांना शोरूममध्ये घेऊन गेला. मनातला ट्रॅक्टर दारातच उभा होता. बाबा नव्या नवरदेवासारखे बसले आणि चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं.

तीन सिलिंडर. पट्ट्याची तीच कुरकुर.

"हा नको," तो म्हणाला.

बाबांना कारण हवं होतं. हा उंच आहे, उताराला चालणार नाही, असं मामाने सांगितलं. ते खोटं नव्हतं. मग त्याने जीव ओतून दुसरा निवडला. दोन सिलिंडरचा, बुटका, चारही चाकांना जोर असलेला. चाकं जितकी लांब सरकतील तितकी बाहेर सरकवायची. टायरमध्ये वजनाला पाणी भरायचं. यंत्र उलटलंच तर माणूस वाचावा म्हणून बसणाऱ्याच्या डोक्यामागे लोखंडी कमान आणि कमरेला पट्टा. बाबांनी एकच हट्ट धरला, पुढे माती उचलायचं बकेट पाहिजे. त्यालाही मामा हो म्हणाला. शोरूमवाल्याने नाव लिहून घेतलं.

पुढच्या गुरुवारी मामा मुद्दाम टेकडीवर गेला.

सव्वातीन.

ढब... ढब... ढब...

दोन सिलिंडर. आणि चढताना पुढे खडखड वाजणारं बकेट.

या वेळी मामा आवाजामागे धावला. छातीचा भाता करत वर पोचला. आवाज त्याच्या पुढे पंधरा पावलांवर होता, अगदी कानात बसेल इतका जवळ. इंजिन मोकळं झालं. बंद झालं.

समोर फक्त गवत. उभं. एक काडी मोडलेली नाही. चाकाची खूण नाही. धुरळा नाही.

खालून बाबा हाका मारत होते, म्हणून मामाच्या जिवात जीव आला.

त्याने दुसरीही निवड मोडली. मग सुचवला पॉवर टिलर, मुठी धरून मागून चालत न्यायचा. वर बसायचंच नाही, तर खाली सापडणार कोण? बाबा वैतागले. आजवर एकाही वाचकाला आपण इतके हेलपाटे घालायला लावले नव्हते, असं ते म्हणाले. पण शेवटी तयार झाले. मेव्हण्याच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत.

तिसऱ्या गुरुवारी टिलरचा आवाज आला.

फटफट करत वर गेला. झाडापाशी कुणीतरी मुठी सोडल्यासारखा वेडावाकडा भरकटला. कशावर तरी आदळला.

मग... काही नाही.

त्या संध्याकाळी मामाने बाबांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, बाबा हसतील. वाद घालतील. पुस्तकातले दाखले देतील.

बाबांनी एवढंच विचारलं.

"म्हणजे मी जे घेईन, ते तुला आधी ऐकू येतं?"

"हो."

"मग मी काहीच घेत नाही," बाबा म्हणाले. "संपला विषय."

त्यांनी सगळी पत्रकं दोरीने बांधली आणि कपाटावर टाकली. मामाला त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

चौथा गुरुवार.

मामा आणि बाबा व्हरांड्यात शेजारी शेजारी बसले होते. दोघांच्या हातात चहा. सव्वातीन वाजले.

शांतता.

इंजिन नाही. पट्टा नाही. पाती नाहीत. मिनिट गेलं. दोन गेली. मामाने मोकळा श्वास घेतला...

आणि तेवढ्यात गवत वाजलं.

खस्...

खस्...

विळ्याने गवत कापत कुणीतरी वर चढत होतं. पावलं हळू. चार पावलं, मग थांबा. मग पुन्हा चार. धाप लागलेली. आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी नाकात एक बारीक शिट्टी.

बाबांच्या नाकात ती शिट्टी लहानपणापासून होती. मी त्यावरून त्यांना अंधारातही ओळखायचे.

मामाने शेजारी पाहिलं. बाबा बशीत चहा ओतत होते.

वरची शिट्टी झाडापर्यंत गेली. श्वास मोठा झाला. तुटक झाला.

मग पुढचा श्वास आलाच नाही.

"काय रे डॉक्टर?" बाबांनी विचारलं. "आज काही येतंय का ऐकू?"

मामा म्हणाला, "नाही. काही नाही."

हे एवढं एक वाक्य त्याने मला तीनदा सांगितलं. काही नाही म्हणालो. काही नाही म्हणालो मी त्यांना.

का, असं मी विचारलं. तर म्हणाला, ट्रॅक्टर सोडायला सांगता येतो. श्वास सोडायला कसं सांगू?

तरी त्याने धडपड केली. दुसऱ्याच दिवशी बाबांना हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या केल्या. काहीही निघालं नाही. गुरुवारी वर जाऊ नका, असं तो आडून आडून सांगत राहिला. पुढच्या गुरुवारी बाबा खरंच गेले नाहीत.

त्याच्या पुढच्या गुरुवारी आईचा डोळा लागला होता. झाडाखालच्या कलमांना गवताने गिळलं होतं. यंत्र तर नव्हतं. बाबांनी विळा घेतला.

पावणेचारला मामाच्या गॅरेजमध्ये फोन वाजला. त्याने तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा हात पुसून उचलला. आईला काही बोलावंच लागलं नाही. तोच म्हणाला, "ताई, मी निघालो."

बाबा झाडाखाली कुशीवर पडलेले होते. अंगावर ओरखडाही नव्हता.

आता मामा कुणाचंच इंजिन कानाने तपासत नाही. स्क्रूड्रायव्हर कानाला लावायला त्याचा हातच उचलत नाही. गिऱ्हाईकं हळूहळू दुसरीकडे गेली. त्याला एकच प्रश्न पोखरतो. तो बुटका ट्रॅक्टर घेऊ दिला असता, तर बाबांना विळा हातात घ्यावाच लागला नसता. मग ते वाचले असते? की त्या कमानीखाली गेले असते?

मलाही तेच वाटतं. कधी एक, कधी दुसरं.

आई टेकडी सोडायला तयार नाही. मी नोकरीतून रजा घेऊन तिच्याजवळ येऊन राहिले आहे. परवा तिने कपाटावरचा गठ्ठा काढला, दोरी सोडली. बाबांची झाडं मी गवतात मरू देणार नाही, म्हणाली. एका पत्रकावर तिने पेनाने गोल केला. मग मला म्हणाली, मामाला विचार, हा बरा का.

मी काल त्याला फोन केला. काल गुरुवार होता, हे मला बोलता बोलता लक्षात आलं.

मामाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, किती वाजले?

तीन वाजून बारा मिनिटं.

"फोन घेऊन मागच्या दारात जा," तो म्हणाला. "हात टेकडीकडे कर. बोलू नकोस."

मी हात लांब करून उभी राहिले. मला काहीच ऐकू आलं नाही. गवत हलत नव्हतं. आई आत भांडी लावत होती.

बऱ्याच वेळाने मी फोन कानाला लावला. मामा अजून होता. त्याचा श्वास येत होता.

"मामा, आईला काय सांगू? कुठला घेऊ?"

तो इतका हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं.

"तिला आवडेल तो घेऊ दे, बाळा. आता कुठलाही चालेल. ऐकू आलं ते इंजिन नव्हतं."

आणि फोन बंद झाला.

आईने आज सकाळपासून दोनदा विचारलं, मामा काय म्हणाला. मी दोन्ही वेळा सांगितलं की फोन लागला नाही.