मास्तरचं खातं

खोटं वाटेल तुम्हाला, पण मी स्वतः तिथे होतो. रविवारची भर दुपार. सगळीकडे लख्ख उजेड.

माझी ताई एका कंपनीत आहे. तिथलं सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर साठवलेलं असतं. कोणी काय उघडायचं, कोणी काय पुसायचं, त्या परवानग्या ताई देते.

तिच्याच खोलीत मास्तर बसायचा. नव्यांना काम शिकवायचा, म्हणून मास्तर. एक दिवस छातीत दुखतंय म्हणाला, तर साहेबाने खेकसून परत बसवला.

तो खुर्चीतच गेला.

त्याचं कंपनीतलं खातं ताईनेच बंद केलं.

मास्तर गेला, ते सगळं खोलीतल्या कॅमेऱ्यात होतं. मास्तरच्या बायकोने, वहिनींनी, ते चित्रण मागितलं. साहेबाला ते पुसायचं होतं.

त्या रविवारी मी ताईला घ्यायला गेलो, तर ती साहेबासमोर थरथरत उभी. रागाने.

"माणूस मारलात, आता पुरावाही मारताय? नाही देणार परवानगी!"

"तुझ्या वरच्यांनी दिलीय," साहेब हसला आणि त्याने बटण दाबलं.

'परवानगी नाही.'

पुन्हा दाबलं. तेच.

"काय केलंस गं?"

"मी हात तरी लावलाय का?"

तेवढ्यात मागून आवाज आला...

टक... टक... टक...

कोणीतरी टाइप करत होतं. मास्तरच्या टेबलावरून.

टेबल रिकामं होतं. कीबोर्डसुद्धा नव्हता.

साहेबाच्या स्क्रीनवरून फायली जाऊ लागल्या. मग मेल. मग त्याचं नाव. खाली एकच ओळ... बदल करणारा : मास्तर.

"हे खातं तर बंद आहे," ताई पुटपुटली.

साहेब दाराकडे धावला. कार्ड लावलं. लाल दिवा. दारावर मुठी आपटत तो रडायलाच लागला.

ताईने आपलं कार्ड लावून दार उघडलं. "चालते व्हा! तुमच्यासारखी नाही मी."

चित्रण वहिनींना मिळालं. कोणी पाठवलं, आजवर कळलेलं नाही. साहेबाची नोकरी गेली. मला वाटलं, मास्तर शांत झाला.

नाही.

त्या खोलीतल्या एकेकाची परवानगी जाऊ लागली... काल ताईचीही गेली.

"मी तर त्याच्यासाठी भांडले रे!" ती माझ्यावरच ओरडली.

पण वहिनींनी मला ते चित्रण दाखवलंय.

मास्तर हात वर करून कोणालातरी बोलावतोय. बराच वेळ. ताई एकदा त्याच्याकडे बघते...

आणि मान खाली घालून काम करत राहते.