पवनचक्कीचा बोल्ट

"कागदावर लिहिलंय, आधी कठडे स्पिरिटने पुसून कोरडे करा," नोलन म्हणाला.

"मग कर की," आजोबा म्हणाले. "तोच कागद घे पुसायला."

नोलनने कागद पाठीमागे लपवला. तो बारा वर्षांचा होता, ओमाहा शहरातून सुट्टीला आला होता, आणि सूचना वाचल्याशिवाय टूथपेस्टची ट्यूबसुद्धा उघडत नसे. याउलट त्याच्या आजोबांनी, ऑर्व्हिल कुचेरा यांनी, एकोणऐंशी वर्षांत एकही सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. या दोघांमुळे साध्या कामाला सकाळचे नऊ वाजले होते.

काम होतं आजोबांच्या पांढऱ्या पिकअपच्या हौद्यावर झाकण बसवायचं. तीन घड्यांचं, काळं, कडक झाकण. गावापर्यंत अकरा मैल कच्चा रस्ता, त्यात जुलै महिना. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत या दिवसांत गवताची कापणी चालते आणि धूळ कशालाच सोडत नाही. शेतावरच राहणाऱ्या त्याच्या चुलत बहिणीचं, ॲडाचं, खोगीर आज संध्याकाळी पाचच्या आत जिल्ह्याच्या जत्रेत नोंदवायचं होतं. तिच्या पणजीचं हे खोगीर तेरा वर्षांच्या ॲडाने अख्खा हिवाळा आजोबांच्या शेजारी बसून नव्याने शिवून काढलं होतं. ते धुळीने माखून परीक्षकांपुढे जाणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

"गावातल्या निम्म्या ट्रकांवर हेच झाकण बसलंय," ॲडा म्हणाली. "चाऱ्याच्या दुकानात ढीग लागला होता."

"हो ना," आजोबा म्हणाले. "पूर्वी हौद्यात काय आहे त्यावरून लांबून कळायचं कोण येतंय ते. लाल कुत्रा दिसला की श्मिट. आता सगळे सारखेच. हात करायची पंचाईत."

झाकण पुढे केबिनला टेकवून उलगडलं. बाजूंना कठड्याखालून सहा क्लॅम्प आणि सहा बोल्ट. पाच बसले. सहावा बोल्ट ॲडाच्या धाकट्या भावाच्या, नऊ वर्षांच्या एमेटच्या हातून निसटून वाळक्या गवतात गेला. तिघांनी गुडघ्यांवर रांगून शोधला, पण सापडला नाही.

"एक काम दिलं होतं तुला," ॲडा म्हणाली. "बोल्ट धरायचं. ते तर खुंटीलासुद्धा जमतं."

एमेट कानापर्यंत लाल झाला. आजोबा कोठारातून कॉफीचा जुना डबा घेऊन आले आणि त्यातून त्यांनी एक गंजका, चौकोनी डोक्याचा बोल्ट काढला.

"आपल्या पडलेल्या पवनचक्कीचा आहे. माझ्या वडिलांनी बसवला होता. घे, तूच आवळ."

"कागदावर असा बोल्ट नाहीये," नोलन म्हणाला.

"पवनचक्कीबरोबर कागदच आला नव्हता. चाळीस वर्षं पाणी काढलं तिने."

एमेटने हौद्यात शिरून, डावीकडच्या पहिल्या क्लॅम्पचा तो बोल्ट जीभ बाहेर काढून आवळला. मग पोरं पाण्याच्या टाकीवर हात धुवायला गेली, आणि तेवढ्यात मागून धप्प असा आवाज आला.

आजोबा जमिनीवर बसले होते. खोगीर हौद्यात ठेवून उलटे उतरताना त्यांचा डावा घोटा मुरगळला होता. आवाज ऐकून नोलनचे वडील, म्हणजे गॉर्डनकाका, घरातून धावत आले. त्यांनी आजोबांना उठवलं, दुसऱ्या हाताने हौद्याचा मागचा फाळका धाडकन लावला आणि म्हणाले, "पाहिलंत? म्हणूनच मी म्हणत होतो."

गॉर्डनकाका ओमाहाहून आल्यापासून तीन दिवस तेच म्हणत होते. बाबांचं वय झालं, बाबा विसरतात. वसंतात एकदा चुलीवर भांडं ठेवून आजोबा वासरू बघायला गेले होते, तेवढा एकच पुरावा. पण काकांना तो पुरेसा होता. ट्रकची किल्ली आता बाबांकडे नको, असा त्यांचा निर्णय जवळजवळ झालेला होता. जिथे शेजारी चार मैलांवर आणि दुकान अकरा मैलांवर असतं, तिथे किल्ली गेली की माणूस बसल्या जागी राहतो. रोज सकाळी गावात जाऊन चार मित्रांबरोबर कॉफी पिणं हे आजोबांचं सगळं जग होतं.

"पाय डावा आहे," आजोबा म्हणाले. "गाडी उजव्या पायाने चालते."

"तुम्ही बसा. मी पट्टी घेऊन येतो," काका म्हणाले आणि ट्रक घेऊन गेले.

घोड्यांच्या पायाला बांधतात ती पट्टी त्यांनी चाऱ्याच्या दुकानातून आणली. या भागात माणसांनाही तीच बांधतात. अकराच्या सुमारास ट्रक कोठारापाशी परत उभा राहिला. साडेबाराला काका म्हणाले, "चल ॲडा, खोगीर नोंदवून येऊ." त्यांनी फाळका पाडला, झाकणाची मागची घडी उचलली.

हौदा रिकामा होता.

काकांनी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "बाबा, खोगीर कुठे ठेवलंत?"

"हौद्यात. केबिनच्या बाजूला. जुन्या चादरीत गुंडाळून."

"तिथे नाहीये."

मग घर, कोठार, घोड्यांचा तबेला, सगळं पाहून झालं. आजोबा बर्फाच्या बादलीत पाय घालून बसले होते. आधी ते ठामपणे सांगत होते, मग एकेक जागा पुन्हा बघायला लावू लागले. शेवटी ॲडा जवळ आली तेव्हा हलक्या आवाजात म्हणाले, "ठेवलं असं मला वाटतंय खरं. पण नसेलही ठेवलं, पोरी."

खोगीर गेलं याचं ॲडाला वाईट वाटलंच, पण आजोबांनी स्वतःवर शंका घेतलेली तिने आजवर पाहिली नव्हती, आणि ते तिला अजिबात सहन होईना.

गॉर्डनकाकांनी भिंतीवरचा फोन उचलला. शेतावर मोबाइल चालत नसे. "हॅलो, स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी वेळ हवी होती. वडिलांसाठी. हो, थांबतो." आणि रिसीव्हर कानाला लावून ते थांबले.

तिन्ही पोरं बाहेर ट्रकपाशी आली.

"बंद झाकणाखालून खोगीर जातं कसं?" नोलन म्हणाला. "रस्त्यात फाळका उघडला असता तर तो उघडाच आला असता."

"दुकानापाशी कुणी काढलं असेल," ॲडा म्हणाली, पण तिचाच त्यावर विश्वास नव्हता. हार्लो गावात सगळे ट्रकमध्ये किल्ली ठेवून जातात आणि आजवर कुणाचं काही गेलेलं नाही.

एमेट एकटाच हौद्यात शिरला. सकाळपासून त्याच्या डोक्यात एकच विषय होता: आपला बोल्ट ढिला तर नाही ना झाला? झाकणाखालच्या अंधारात त्याने डावीकडच्या पहिल्या क्लॅम्पला हात लावला. मग टॉर्च मागितला.

"माझा बोल्ट बदललाय," तो म्हणाला.

"कुणी कशाला बदलेल तुझा बोल्ट?"

"मला काय माहीत. सहाच्या सहा नवीन आहेत. षट्कोनी. चमकतायत."

नोलन आत शिरला आणि कागदाशी ताडून पाहू लागला. सहाही कागदाबरहुकूम होते. त्याला आयुष्यात प्रथमच कागदाप्रमाणे असलेली गोष्ट संशयास्पद वाटली.

"बोल्ट बदललेला नाही," ॲडा सावकाश म्हणाली. "झाकणच दुसरं आहे."

"म्हणजे ट्रक दुसरा आहे," नोलन म्हणाला.

मग ॲडाने केबिनचं दार उघडलं. सीटवर एक पिवळी, लोकरीने विणलेली उशी होती. समोरच्या खणात गाडीचे कागद होते, आणि त्यावर नाव होतं बर्निस होल्मक्विस्ट.

"बर्निसआजी," एमेट म्हणाला. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या या आजी एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या.

"म्हणजे पप्पा भलताच ट्रक घेऊन अकरा मैल आले," नोलन म्हणाला. "उशीवर बसून." तो घराकडे निघाला. "आत्ता सांगतो त्यांना."

ॲडाने त्याचा सदरा धरला. "नुसतं सांगून काय होणार? म्हणतील, बरं, झाली चूक, आणि तपासणी तरीही होणारच. त्यांनी आजोबांना विसराळू ठरवलंय. तपासणी आपणच घेऊ. दोघांची."

स्वयंपाकघरात काकांनी नुकताच मंगळवारचा दिवस नक्की केला होता आणि रिसीव्हर अजून हातातच होता. पुढच्या चौकशीसाठी ते आणखी एक नंबर फिरवणार होते.

"काका, तिथे काय विचारतात?" ॲडाने विचारलं.

"रोजच्या गोष्टी आठवतात का, वगैरे."

"मग आपण आत्ताच विचारून पाहू. ट्रकबद्दल. आजोबा रोज वापरतात, तुम्ही आजच चालवलात. तुमची उत्तरं बरोबर धरायची आणि आजोबांची ताडून पाहायची."

काकांना ही कल्पना एकदम पसंत पडली. त्यांनी खुर्ची ओढली. आजोबांनी ॲडाकडे पाहिलं. तिने मान डोलावली, तेव्हा तेही तयार झाले. नोलनने सूचनापत्रकाच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले.

"प्रश्न पहिला. पुढच्या काचेला तडा कुठे आहे?"

"खाली, डाव्या कोपऱ्यात, बोटभर. गेल्या वर्षीच्या गारांचा," आजोबा म्हणाले.

"तडा नाहीच आहे," काका म्हणाले. "काच स्वच्छ आहे."

"दुसरा. चालकाच्या सीटवर काय आहे?"

"काही नाही. सीट फाटलीये, तिला चिकटपट्टी लावलीये."

"उशी आहे, बाबा. पिवळी, विणलेली. चांगली मऊ आहे." काकांनी हळहळून मान हलवली. "दोन चुकली."

आजोबांच्या कपाळावर आठी पडली. ते काहीतरी आठवू लागले.

"तिसरा," एमेट पुढे झाला. त्याचा आवाज जरा चिरकला. "डावीकडच्या पहिल्या क्लॅम्पला कोणता बोल्ट आहे?"

"पवनचक्कीचा. तूच आवळलास ना सकाळी?"

"सगळे बोल्ट नवे आहेत," काका म्हणाले. "खोगीर शोधताना मी स्वतः पाहिले. तिन्ही चुकली. बाबा, मला हे बोलताना बरं वाटत नाहीये, पण..."

तेवढ्यात खिडकीबाहेर इंजिनाची घरघर ऐकू आली. ॲडा प्रश्न चालू असतानाच बाहेर सटकली होती. शेतावर ती दोन वर्षांपासून ट्रक चालवत असे. तिने तो बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणून उभा केला.

आजोबांनी मान वळवून बाहेर पाहिलं. त्यांना एक क्षणही लागला नाही.

"बर्निसचा ट्रक इथे काय करतोय?"

नोलनने शांतपणे गाडीचे कागद वडिलांपुढे ठेवले. काकांनी नाव वाचलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, मग पुन्हा नाव वाचलं. हातातला रिसीव्हर त्यांनी जागेवर ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या फोन वाजला.

"कधीपासून लावतेय मी," पलीकडचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. "एक वाजल्यापासून तुमचा फोन गुंतलेला. मैत्रिणींबरोबर कॉफी घेऊन बाहेर येते, तर माझा ट्रक गायब आणि शेजारी तसाच पांढरा, ऑर्व्हिलचा. आत त्याची टोपी. दाराला हात लावला तेव्हाच कळलं मला. कुठल्या शहाण्याने नेलाय माझा?"

"मी बोलतोय, गॉर्डन," काका म्हणाले.

पावणेतीनला सगळे तोच ट्रक घेऊन हार्लोत पोचले. दुकानासमोरच्या बाकावर बर्निसआजी आइस्क्रीम खात बसल्या होत्या. आजोबांच्या ट्रकची किल्ली त्यांनी पर्समध्ये ठेवली होती, कारण आज काही भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. एमेटने फाळका पाडला, झाकणाची घडी उचलली आणि आत शिरला. केबिनच्या बाजूला जुन्या चादरीत गुंडाळलेलं खोगीर होतं. धुळीचा कणही त्यावर नव्हता.

"हा बघा माझा बोल्ट," आतून आवाज आला.

ॲडा आजोबांच्या दंडाला बिलगली. आजोबा रुमालाने नाक पुसत म्हणाले की धूळ फार आहे.

बर्निसआजींनी सगळी हकीकत पोरांकडून दोनदा ऐकली. मग एमेटच्या हातात उरलेलं आइस्क्रीम देऊन त्या म्हणाल्या, "बोल्ट हरवला नसतास, तर आज तुझे आजोबा हरवले असते. शाबास रे पोरा. आणि तुम्ही दोघंही." त्या काकांकडे वळल्या. "गॉर्डन, वय काय तुझं?"

"सत्तेचाळीस."

"मग ठीक आहे. या वयात होतं असं."

खोगीर साडेतीनला जत्रेत नोंदवलं गेलं. घरी येताना आजोबांनी गाडी चालवली, डावा पाय आरामात पसरून. गॉर्डनकाका शेजारी बसले होते. बरेच मैल ते फाटक्या सीटवरची चिकटपट्टी नखाने खरवडत होते.

"बाबा, चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले. "मंगळवारची वेळ रद्द करतो."

"रद्द कशाला? एवढा वेळ फोन धरून मिळवलीस," आजोबा म्हणाले. "नाव तेवढं बदल."

मागच्या सीटवर तिघांनी एकमेकांना कोपरं मारली. नोलन हसताना आवाज करायचा नाही म्हणून सूचनापत्रक तोंडात धरून बसला.

अंगणात ट्रक थांबला. आजोबा सवयीप्रमाणे किल्ली आतच ठेवून लंगडत चार पावलं चालले. मग थांबले. तिन्ही पोरं ट्रकपाशी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. ते परत आले, किल्ली काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.