मागच्या सीटची शिवण

अण्णासाहेबांचं वर्षश्राद्ध उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी विमलाबाईंनी नवऱ्याची ती काळी मॉरिस मोटार गंगाखेडला सिद्धोधनच्या शेडमध्ये पाठवली. स्वतःही मागोमाग गेल्या. सिद्धोधन गाड्यांच्या सीटा शिवायचा. लाल चामड्यावर हात फिरवत तो म्हणाला, "काकू, हैदराबादचं जुनं काम हाय हे. असलं चामडं आता मिळायचं न्हाई. नुसतं पॉलिश केलं तरी..."

"फाडून काढा. एक चिंधीसुद्धा ठेवू नका."

त्या आवाजाला अशी धार होती, की त्यानं निमूट कात्री उचलली.

या चामड्यावर विमलाबाई जन्मात कधी बसल्या नव्हत्या. लग्नानंतर दोन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, त्यांना कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी दारातच उभी होती. त्या गाडीचं दार धरून वाकल्या, आणि अण्णासाहेब म्हणाले, "मागची सीट खराब होईल. एसटी येईलच इतक्यात." दवाखान्याच्या वाटेवर, पालम गावाच्या अलीकडं, एसटीच्या बाकड्यावर मुलगी झाली. ती रडलीच नाही. विमलाबाई रिकाम्या हातांनी घरी आल्या, तर हे अंगणात सीट पुसत बसलेले.

तो राग त्यांनी आयुष्यभर गिळला. आता गिळायचं काही कारण उरलं नव्हतं.

आठवड्याभरानं सिद्धोधनचा फोन आला. "काकू, जरा येऊन जाता का... काम होईना गेलंय."

भर दुपारी त्या पोचल्या. गाडीत नवं तपकिरी चामडं चढलं होतं. पुढच्या सीटा झकास झालेल्या. मागची मात्र एका बाजूनं वीतभर उसवलेली.

"शिवतो अन् सकाळी बघावं तर असं," सिद्धोधन म्हणाला.

"उंदीर असेल."

"उंदीर दोरा कुरतडतो, काकू. हा आतनं ढकललाय. सगळं उचकटून बघितलं. स्प्रिंगा अन् काथ्या, दुसरं कायबी न्हाई." त्यानं आवाज खाली आणला. "साहेबांचा लय जीव होता गाडीवर... एखादा नारळ फोडावा म्हणतो."

"नारळ?" विमलाबाई कडाडल्या. "माझं लेकरू गेलं ह्या सीटपायी, आणि त्यांना नारळ?"

त्यांनी दार उघडलं आणि त्या धाडकन मागच्या सीटवर बसल्या.

"बसले बघा! काय करायचं ते करा आता!"

बाहेर पत्रे तापून कडकड वाजत होते. आत मात्र गार पडलं, विहिरीत उतरल्यासारखं. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसला ओल्या रक्ताचा वास आला. शेजारची सीट हळूहळू खाली दबली, कुणी टेकावं तशी. आणि शिवणीचे टाके सुटू लागले. टच्... टच्...

"या की बाहेर! तोंड दाखवा!" म्हणत त्यांनी त्या उसवलेल्या भगदाडात मनगटापर्यंत हात खुपसला.

आत कशानं तरी त्यांचं बोट धरलं.

ती मूठ एका बोटापुरतीच होती. नखं अजून मऊ होती. पण पकड अशी, की बोट काळंनिळं पडावं.

"काकू..." दाराशी उभा सिद्धोधन कुजबुजला. "हात काढा... काढा म्हणतो ना..."

विमलाबाईंनी हात काढला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी सीटची कड घट्ट धरली.

"एवढा जोर," त्या दातओठ खात म्हणाल्या. "एवढा जोर होता हिच्यात! जगली असती... वेळेवर नेली असती तर जगली असती!"

बऱ्याच वेळानं पकड सुटली. खाली उतरून त्यांनी सिद्धोधनला सांगितलं, "तिथं सुई लावायची नाही. खबरदार."

त्याच दिवशी सिद्धोधनला चालवायला लावून त्या गाडी घरी घेऊन आल्या. मागंच बसून.

दिवेलागणीला साडी बदलताना त्यांना चोळी समोरून ओली लागली. घाम असेल म्हणून त्यांनी पदरानं टिपलं. पुन्हा ओली. साठी उलटलेल्या विमलाबाईंनी बोटं नाकाशी नेली.

दुधाचा वास होता.

अंगणात उभ्या गाडीत मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली. थोडं थांबून पुन्हा, जरा जोरानं.